वेगाचा वर्ग आणि माणसाचा जीव
मुंबई, विशेष प्रतिनिधी

९ जून २०२५ रोजी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मध्य रेल्वेच्या मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर दोन लोकलगाड्या विरुद्ध दिशांनी एकमेकींजवळून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दरवाजांत लटकलेले प्रवासी आणि त्यांच्या पाठीवरील पिशव्या परस्परांना घासल्या व अनेक जण रुळांवर फेकले गेले. त्यांपैकी चौघांना त्याच दिवशी प्राण गमवावे लागले. त्यानंतर गर्दी, गाड्यांची अपुरी संख्या, कार्यालयीन वेळा आणि बंद दरवाजांच्या लोकल या विषयांवर नेहमीप्रमाणे चर्चा झडली. मुंबई उच्च न्यायालयापुढील एका जनहित याचिकेत उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० जणांचा मृत्यू झाल्याचा आकडा मांडण्यात आला होता. म्हणजे दिवसाला सात. तेव्हा मुंब्र्याची घटना अपवादात्मक नव्हती. एकाच वेळी, एकाच ठिकाणी घडल्यामुळे ती ठळक झाली, इतकेच.

या साऱ्या चर्चेत एक हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. धावत्या गाडीच्या दरवाजात उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरात त्या क्षणी किती ऊर्जा साठलेली असते? तो चालत असता, धावत असता किंवा स्कूटरवर असता, तर ती किती असती? शालेय पुस्तकातील गतिज ऊर्जेचे सूत्र ठाऊक असलेल्या कोणालाही हा हिशेब करता येतो. तो केल्यानंतर लोकलच्या दरवाजापासून समृद्धी महामार्गाच्या वेगमर्यादेपर्यंत अनेक वादांचे स्वरूपच बदलून जाते.

लटकणारा प्रवासी आणि उसेन बोल्ट

एखाद्या वस्तूची गतिज ऊर्जा म्हणजे तिचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि या गुणाकाराचे निम्मे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला की उत्तर ज्यूलमध्ये मिळते. तुलनेसाठी सर्वत्र ६० किलो वजनाचा माणूस गृहीत धरू. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे ५८ ज्यूल असते. गाडी पकडण्यासाठी तो ताशी १० किलोमीटर वेगाने धावला तर ती सुमारे २३१ ज्यूल होते. स्कूटरवर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना ती ३,७०० ज्यूलच्या घरात पोहोचते आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लोकलमध्ये सुमारे ८,३३० ज्यूल होते.

या शेवटच्या आकड्याची तुलना जगातील सर्वांत वेगवान धावपटूशी करता येईल. जमैकाच्या उसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्या शर्यतीत त्याचा सर्वोच्च वेग सेकंदाला १२.३ मीटरच्या आसपास होता. त्याचे वजन ९४ किलो धरले, तर त्या क्षणी त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७,१०० ज्यूल भरते. याचा अर्थ असा की, डब्याच्या दांड्याला एका हाताने धरून उभा असलेला, आयुष्यात कधीही शर्यतीत न धावलेला कारकून बोल्टपेक्षा अधिक गतिज ऊर्जा बाळगून असतो. फरक एवढाच की, बोल्टने ती स्वतःच्या स्नायूंनी कमावलेली असते व तिची जाणीव त्याच्या प्रत्येक अवयवाला असते. कारकुनाला ती गाडीने दिलेली असते आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. गाडीच्या दृष्टीने तो स्थिर उभा आहे. जमिनीच्या दृष्टीने तो बोल्टहून वेगवान आहे.

गतिज ऊर्जेचे हे वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. ती कोणाच्या संदर्भाने मोजली यावर तिचे उत्तर ठरते. मुंब्र्यात प्रवाशांची धडक जमिनीशी होण्यापूर्वी समोरच्या गाडीतील प्रवाशांशी झाली. प्रत्यक्ष वेग काहीही असोत, उदाहरणादाखल दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटर वेगाने विरुद्ध दिशांनी जात आहेत असे समजू. मग एका गाडीतील प्रवाशाच्या दृष्टीने दुसरीतील प्रवासी ताशी १२० किलोमीटर वेगाने अंगावर येतो. वेग दुप्पट झाला म्हणून ऊर्जा दुप्पट होत नाही. ती चौपट होते, म्हणजे सुमारे ३३,३०० ज्यूल. दोन माणसांचे खांदे घासणे या साध्या घटनेला प्राणघातक रूप येते ते यामुळे.

ओल्या मातीतला पुरावा

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट का व्हावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील विद्वान याच प्रश्नावर हिरिरीने भांडत होते. गतीचे खरे माप वेगाच्या प्रमाणात असते, असे एका पक्षाचे म्हणणे होते, तर ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे लाइब्निझचे प्रतिपादन होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधील विलेम स्ग्रावेसांदे याने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचींवरून मऊ मातीवर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याने मातीत दुप्पट नव्हे, तर चौपट खड्डा केला. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले यांनी या प्रयोगाचे महत्त्व ओळखून वेगाच्या वर्गाची बाजू समर्थपणे मांडली. सूत्रातील 'निम्मे' पुढे १८२९ मध्ये कोरिऑलिसने रूढ केले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, जो वाद प्रयोगशाळेत तीन शतकांपूर्वी मिटला, तो रस्त्यावर अद्याप मिटलेला नाही. 'पन्नासऐवजी साठने गेलो तर काय बिघडले? दहाच तर जास्त!' असे म्हणणारा वाहनचालक नकळत पहिल्या पक्षाचा अनुयायी असतो. पन्नासवरून साठवर जाताना वेग वीस टक्क्यांनी वाढतो. ऊर्जा मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी.

मजल्यांच्या भाषेत

ज्यूल हे एकक सामान्य वाचकाच्या परिचयाचे नाही. त्याऐवजी उंचीची भाषा वापरली तर हा हिशेब चटकन ध्यानात येतो. उंचावरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याला जो वेग प्राप्त होतो, त्यावरून प्रत्येक वेगाशी समतुल्य अशी एक उंची काढता येते. एक मजला तीन मीटरचा धरला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडणे. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दोन मजले. ताशी ५० म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तीन मजल्यांहून थोडे अधिक. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, जवळजवळ पाच मजली इमारतीची गच्ची. ताशी ८० म्हणजे आठ मजले, ताशी १०० म्हणजे तेरा मजले आणि ताशी १२० म्हणजे एकोणीस मजले.

या उंचीत माणसाच्या वजनाचा संबंध येत नाही. सडपातळ असो वा धिप्पाड, दोघांसाठी ती सारखीच. तिसऱ्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गच्चीवर पोराला खेळायला सोडणारा बाप आपल्याकडे सापडणार नाही. परंतु त्याच पोराला स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे करून ताशी पन्नासच्या वेगाने शाळेत पोहोचवणारे बाप पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा कोणत्याही शहरात रोज सकाळी दिसतात. दोन्ही ठिकाणी धोका एकच आहे. गच्चीवर तो डोळ्यांना दिसतो, रस्त्यावर दिसत नाही.

केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना काढून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना दुचाकीवरून नेताना सुरक्षापट्टा व हेल्मेट वापरण्याचे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक न ठेवण्याचे बंधन घातले. अधिसूचनेनंतर एका वर्षाने, २०२३ मध्ये, हा नियम लागू झाला. तो ठाऊक असलेले पालक किती, याचा अंदाज कोणत्याही शाळेच्या फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी येईल.

अर्धा ग्रॅम साखर

आता या हिशेबाची दुसरी बाजू. दरवाजातील प्रवाशाची ८,३३० ज्यूल ऊर्जा म्हणजे आहाराच्या परिभाषेत अवघ्या दोन कॅलरी. अर्धा ग्रॅम साखरेत, म्हणजे चहाच्या चमच्याच्या साधारण दहाव्या भागात, तेवढी ऊर्जा असते. मग एवढ्याशा ऊर्जेने माणूस कसा मरतो?

तो ऊर्जेने मरत नाही. ती ऊर्जा ज्या घाईने शरीरातून काढून घेतली जाते, त्या घाईने मरतो. थांबण्यासाठी जितके अंतर मिळेल, तितके शरीरावर येणारे बल कमी होते. समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी लोकल पावणेदोनशे मीटर अंतरात थांबली. तेव्हा ६० किलोच्या प्रवाशाला सरासरी अवघा पाच किलो वजनाएवढा रेटा जाणवतो. तो शेजाऱ्याच्या खांद्यावर किंचित कलतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. तोच माणूस त्याच वेगाच्या मोटारीत सीटबेल्ट लावून बसला असेल आणि मोटार भिंतीवर आदळली, तर मोटारीचा पुढचा भाग चेपणे व पट्टा ताणला जाणे यांमुळे त्याला थांबायला साधारण साठ सेंटिमीटर मिळतात. त्याच्यावर सरासरी १.४ टन वजनाएवढे बल येते. बरगड्या कदाचित मोडतील, पण जीव वाचण्याची मोठी शक्यता राहते. आणि तोच माणूस काहीही आधार नसताना लोखंडी खांबावर आदळला व पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हेच बल सतरा टनांवर जाते. ऊर्जा तिन्ही ठिकाणी तीच, आठ हजार तीनशे तीस ज्यूल. पाच किलो, दीड टन की सतरा टन, हे थांबण्याच्या अंतराने ठरवले.

अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोमध्ये रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले आणि ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठून ते १.४ सेकंदांत थांबले. ६० किलोच्या माणसाच्या हिशेबाने ही ऊर्जा सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजे लोकलच्या दरवाजातील प्रवाशाच्या २८० पटींहून अधिक. स्टॅप यांच्या डोळ्यांना इजा झाली, पण ते बरे झाले आणि १९९९ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी निधन पावले. त्यांना वाचवले ते शरीरावर घट्ट बसवलेल्या पट्ट्यांनी आणि थांबायला मिळालेल्या दीर्घ अंतराने. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगाने फिरणारा ६० किलोचा अंतराळवीर तर तब्बल १७६ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा बाळगून असतो. विजेच्या भाषेत हे सुमारे ४९० युनिट. मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स पृथ्वीवर परतल्या तेव्हा ही सारी ऊर्जा यानाच्या उष्णतारोधक कवचाने आणि हवेच्या घर्षणाने टप्प्याटप्प्याने काढून घेतली.

तात्पर्य असे की, ऊर्जा कितीही मोठी असली तरी तिला उतरण्यासाठी वाट करून दिली तर माणूस वाचतो. वाट नसेल तर दोन कॅलरीही पुरेशा ठरतात. हेल्मेट, सीटबेल्ट, चेपणारा बॉनेट, रस्त्याकडेचा लवचीक कठडा ही सारी त्या वाटेची नावे आहेत.

मागच्या आसनावरचा गैरसमज

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्यासोबत मागच्या आसनावर बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागे बसलेल्या दोघांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. महागड्या, भक्कम मोटारीत, मागच्या आसनावर बसलेला माणूस सुरक्षित असतो, ही समजूत त्या दिवशी जाहीरपणे खोटी ठरली.

मोटार थांबते तेव्हा तिच्यातील माणूस थांबत नाही. ज्या वेगाने मोटार चालली होती, त्याच वेगाने तो पुढे जात राहतो आणि पुढच्या आसनावर, काचेवर किंवा पुढच्या माणसावर आदळतो. त्यानंतर त्याच्या शरीरातील अवयव त्याच्याच हाडांवर आदळतात. एका अपघातात अशा तीन धडका असतात. मोटारीचा भक्कमपणा केवळ पहिलीशी सामना करतो. मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून ठेवू, हा आईचा विश्वासही असाच आहे. दहा किलोचे बाळ ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना अर्ध्या मीटरमध्ये थांबवायचे, तर हातांना सरासरी जवळजवळ दोनशे किलो वजन पेलावे लागते. कोणत्याही आईबापाच्या बाहूंत, माया कितीही असली तरी, तेवढे बळ नसते.

मोटार वाहन नियमांनुसार मागच्या आसनावरील प्रवाशांनाही सीटबेल्ट बंधनकारक आहे. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची सक्ती जाहीर केली. २०२२ या वर्षात देशभरात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. त्यांपैकी ८,३३१ जण चालक नव्हते, प्रवासी होते. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हेल्मेटसक्तीविरुद्ध आपल्याकडे मोर्चे निघाले, मान दुखण्यापासून केस गळण्यापर्यंतची कारणे पुढे करण्यात आली. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर धडकेत चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर मिळवून देतो, हे त्या वादात फारसे कोणी सांगितले नाही. कवटी आणि डांबर यांच्यात दुसरे काहीही नसते, तेव्हा त्या दोन-तीन सेंटिमीटरचे मोल प्राणांएवढे असते.

ऊर्जा एकाची, इजा दुसऱ्याची

आतापर्यंत माणसाने स्वतःच्या गतीची किंमत मोजल्याची उदाहरणे पाहिली. पादचाऱ्याच्या बाबतीत हिशेब अधिक अन्यायकारक आहे. दीड टन वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते तेव्हा तिची गतिज ऊर्जा दोन लाख आठ हजार ज्यूल असते. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याची ५८ ज्यूल. अपघातात ऊर्जेचा वाटा पाहिला तर मोटारीचा वाटा पादचाऱ्याच्या सुमारे ३,६०० पट असतो; इजेचा वाटा मात्र जवळजवळ संपूर्ण पादचाऱ्याच्या पदरी येतो. 'चूक कोणाची' या प्रश्नाचे उत्तर न्यायालय देईल. धोका कोणी आणला, या प्रश्नाचे उत्तर गणिताने आधीच दिलेले असते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के आणि पादचाऱ्यांचे सुमारे १९.५ टक्के होते. म्हणजे दर पाच मृतांपैकी तिघांहून अधिक जण असे होते की, ज्यांच्याभोवती चेपण्यासाठी पत्र्याचे कवचही नव्हते. याच अहवालात ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली, तर प्राणघातक अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

शहरातील रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पुढून एक मूल अचानक रस्त्यावर धावत येते. दोन मोटारी शेजारीशेजारी आहेत. एकीचा वेग ताशी ५०, दुसरीचा ताशी ६०. दोघांनी एकाच क्षणी, सारख्याच जोराने ब्रेक दाबले. पहिली मोटार मुलाच्या पायाशी येऊन थांबते. दुसरी त्याच ठिकाणी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? पाच नाही, दहाही नाही. ताशी ३३ किलोमीटर. चालकाला भानावर यायला लागणारा वेळ धरला तर त्याहूनही अधिक. 'दहाच तर जास्त' या युक्तिवादाचा निकाल त्या ठिकाणी लागतो. आठ किलोमीटरच्या अंतरात या दहांनी वाचवलेला वेळ असतो सुमारे दीड मिनिट.

कायद्याचे गणित

या पार्श्वभूमीवर आपले नियम तपासून पाहणे आवश्यक ठरते. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गांवर १२०, चौपदरी महामार्गांवर १०० आणि महापालिका हद्दीत ७० अशी जाहीर केली. राज्यातील ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० आहे. संपूर्ण समृद्धी मार्ग शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगाने कापला तर कागदावर सत्तर मिनिटे वाचतात. त्या बदल्यात प्रत्येक प्रवाशाच्या शरीरातील ऊर्जा तेराव्या मजल्यावरून एकोणिसाव्या मजल्यावर जाते. शंभरच्या वेगाची मोटार जेथे ब्रेक लावून थांबते, तेथे एकशेवीसची मोटार अद्याप ताशी ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. रस्ता सरळ व रुंद असला तरी टायर, चालकाची झोप आणि महामार्गावर आलेले जनावर यांना हे गणित चुकत नाही.

वेगमर्यादा वाढवू नये, असा याचा अर्थ नाही. परंतु ती वाढवताना ऊर्जेला उतरण्यासाठी वाट करून दिली आहे का, हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या मार्गावर कठडे योग्य आहेत, उभ्या ट्रकसाठी स्वतंत्र थांबे आहेत, जखमींपर्यंत रुग्णवाहिका वेळेत पोहोचते, तेथे वेगाची मुभा देता येते. शहरात, जेथे पादचारी, सायकली, हातगाड्या आणि मोटारी एकाच रस्त्यावर आहेत, तेथे ७० ही मर्यादा ऊर्जेच्या हिशेबात बसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्री परिषदेच्या जाहीरनाम्याने अशा मिश्र वाहतुकीच्या भागांत ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले. तीसचा आकडा अकारण आलेला नाही. ती पहिल्या मजल्याची उंची आहे, आणि मानवी शरीर बहुधा तेवढेच सहन करू शकते.

दंडाची रचनाही विचारात घेण्याजोगी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अतिवेगासाठी हलक्या वाहनांना एक ते दोन हजार रुपये दंड आहे. मर्यादा पाच किलोमीटरने ओलांडली की पन्नासने, त्यानुसार टप्पे कायद्याने आखून दिलेले नाहीत. जर्मनीत मर्यादा जितकी अधिक ओलांडली जाईल, तितका दंड टप्प्याटप्प्याने वाढत जातो आणि पुढे परवानाही काही काळासाठी काढून घेतला जातो. आपल्याकडे द्रुतगती मार्गावर कॅमेरे आले, वेग अचूक मोजला जाऊ लागला. परंतु मोजलेल्या वेगाचा वर्ग करण्याची तसदी कायद्याने घेतलेली नाही.

दरवाजा कोणी बंद करायचा?

हेल्मेट घालणे, पट्टा लावणे, वेग आवरणे हे बव्हंशी नागरिकाच्या हाती असते. लोकलच्या दरवाजातील प्रवाशाच्या हाती यांपैकी काहीही नाही. त्याला आठ हजार ज्यूल ऊर्जा रेल्वेने दिली आहे, आणि ती प्रत्येक स्थानकावर अलगद काढून घेण्याची क्षमताही रेल्वेकडेच आहे. पाच हजार प्रवाशांची एक गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असताना या सर्व प्रवाशांची मिळून गतिज ऊर्जा अवघे साडेअकरा युनिट वीज भरते. मुंबईत धावणाऱ्या आधुनिक लोकल ब्रेक लावताना गाडीच्या ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने ओव्हरहेड तारेत परतही पाठवतात. म्हणजे यंत्रणा ही ऊर्जा केवळ शोषून घेत नाही, तिचा हिशेबही ठेवते. प्रवासी जोवर डब्याच्या आत आहे, तोवर तो या हिशेबात धरलेला असतो. त्याचा पाय फूटबोर्डवरून सुटला की त्याच क्षणी तो हिशेबाबाहेर जातो आणि ऊर्जेची परतफेड त्याच्या हाडामांसातून होते.

मुंब्र्याच्या घटनेनंतर नव्या लोकलना स्वयंचलित दरवाजे बसवण्याचे व जुन्या गाड्यांतही तशी सुधारणा करण्याचे रेल्वेने जाहीर केले. बिनवातानुकूलित डब्यांत दरवाजे बंद झाल्यावर हवा खेळती कशी राहील, यासाठी आराखड्यात बदल करण्याचेही सांगण्यात आले. हे पाऊल योग्यच आहे. परंतु दरवाजा बंद करण्यापूर्वी त्याच्याबाहेर लटकणारी माणसे आत मावली पाहिजेत; ती मावण्यासाठी फेऱ्या व डबे वाढले पाहिजेत. अन्यथा बंद दरवाजाची लोकल फलाटावरच निम्म्या प्रवाशांना मागे सोडून जाईल आणि ते पुढच्या उघड्या गाडीच्या दांड्याला लटकतील.

कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल येथून निघणारा माणूस दरवाजात हौसेने उभा राहत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून तो तेथे असतो. त्याला 'स्टंटबाज' ठरवणारी उद्घोषणा सोपी असते. तो रोज सकाळ-संध्याकाळ पाचव्या मजल्याच्या कठड्यावर एका हाताने लटकून कामाला जातो, असे म्हटले असते तर महापालिकेने, पोलिसांनी आणि न्यायालयांनी ते एक दिवसही चालू दिले नसते. गाडीच्या दरवाजात त्याच उंचीवर त्याला अनेक दशके लटकू देण्यात आले आहे. रुळांवर पडण्यापूर्वी शरीर जो हिशेब मांडते, त्यात गर्दी, वेळापत्रक किंवा अर्थसंकल्पातील तरतूद यांपैकी कशालाही सूट मिळत नाही.